काउंटर खाजगी, शिक्का सरकारी: भंवरकुआंजवळचं एक एमपी ऑनलाइन कियोस्क

इंदूरच्या भोलाराम उस्ताद मार्गावर फॉर्म भरून देणारी दुकानं ओळीनं आहेत. त्यातलं एक मी कुणालाही बिनदिक्कत सांगते. भंवरकुआं चौकाकडून आत आलात की स्टेशनरीचं दुकान, मग उसाचा रस, आणि त्याला लागून दोन पायऱ्या चढून एक अरुंद गाळा लागतो, तो हा. पाटीवर दुकानाचं नाव बारीक अक्षरात आहे आणि ‘एमपी ऑनलाइन अधिकृत कियोस्क’ हे ठळक, म्हणजे मध्य प्रदेशातल्या सरकारी सेवांचे फॉर्म इथे भरून मिळतात. चालवणारा मुलगा खरगोनकडचा, तिशीच्या आतला. सगळे त्याला भैया म्हणतात, मीही म्हणते.

माझा या भागात विद्यार्थ्यांच्या डब्यांचा व्यवसाय आहे. राज्यसेवेची तयारी करणारी मुलंमुली इथे खोल्या घेऊन राहतात; लोकसेवा आयोगाचं कार्यालय इंदुरातच असल्यामुळे बडवानी, झाबुआ, खंडवा, पार बालाघाटपर्यंतची मुलं या गल्ल्यांत भेटतात. सकाळी पोळी-भाजी, रात्री वरण-भात. या मुलांचं निम्मं आयुष्य फॉर्म, ओटीपी आणि पावत्या यांत जातं. माझंही फारसं वेगळं नाही. घरात सासूबाईंची पेन्शन, व्यवसायाची कागदपत्रं, समग्र आयडीचं, म्हणजे राज्याच्या कुटुंब-नोंदणी क्रमांकाचं, ई-केवायसी, मुलाचं मूळ निवासी प्रमाणपत्र. त्यामुळे या दुकानाची पायरी मला पाठ आहे, आणि इथे जे चांगलं चालतं ते नीट लिहून ठेवावं असं बऱ्याच दिवसांपासून मनात होतं.

सगळ्यात आधी दरांचा कागद. आत शिरताच उजव्या भिंतीवर काचेखाली लावलेला आहे. प्रत्येक कामापुढे तीन वेगळे रकाने: सरकारची फी, पोर्टलचं शुल्क, आणि भैयाची मजुरी. मजुरीत टायपिंग, स्कॅन, प्रिंट सगळं वेगळं मांडलेलं. तीन रकाने दाखवणारं दुसरं दुकान मला या रस्त्यावर आढळलं नाही. बाकी ठिकाणी एकच आकडा सांगतात आणि त्यातले सरकारचे किती, दुकानदाराचे किती, हे गिऱ्हाइकाला कळतच नाही. मग शिव्या सरकारला बसतात आणि पैसे दुसऱ्याच खिशात जातात. भैयाकडे पैसे दिल्यावर पोर्टलची पावती हातात येते, आणि त्याच्या मजुरीची वेगळी चिठ्ठी.

या तीन रकान्यांचं महत्त्व मला उद्यम नोंदणीच्या वेळी कळलं. लहान उद्योगांची ही नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे, आधार क्रमांकावर होते, कागद अपलोड करावे लागत नाहीत, आणि सरकार त्याचा एक पैसाही घेत नाही. पण मोबाइलवर शोधायला गेलं की सरकारी वाटाव्यात अशा नावांच्या, तिरंगी पट्टी लावलेल्या खाजगी वेबसाइटी आधी समोर येतात आणि ‘नोंदणी शुल्क’ म्हणून चांगली रक्कम मागतात. मी तसलं पान उघडूनच भैयाकडे गेले होते. त्यानं स्क्रीनवर वरची पत्त्याची ओळ दाखवली. शेवटी ‘गव्ह डॉट इन’ नाही. म्हणाला, “आंटी, सरकार का खाना ज़ीरो है, मेरी टाइपिंग का जो लिखा है वही दीजिए.” पहिल्या रकान्यात खरोखरच शून्य लिहिलेलं होतं. अन्न परवान्याची नोंदणीही त्यानंच करून दिली. मी काढली तेव्हा वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्यांना फी वर्षाला १०० रुपये होती, आणि कागदावरही १०० रुपयेच लिहिलेले होते. मी स्वतः धंदा करते, तेव्हा नफ्याला माझा विरोध असण्याचं कारणच नाही. तो तिसऱ्या रकान्यात उघड लिहिलेला असावा, एवढंच माझं म्हणणं.

आता सासूबाईंचं काम, कारण या दुकानाची खरी परीक्षा तिथे झाली.

सासरे रेल्वेत होते. ते गेल्यापासून सासूबाईंना कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. सगळ्यांना नोव्हेंबरात, पण ऐंशी ओलांडलेल्यांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना गर्दी टाळता येते. त्यासाठी बोटाचा ठसा जुळवून बघतात, आणि जन्मभर धुणं, भांडी, लाटणं, शिलाई केलेल्या बाईच्या बोटांवर रेषा उरतात कुठे? आधी एका बँकेत गेलो होतो. ‘अंगूठा मैच नहीं हो रहा’ म्हणून तिथून परत पाठवलं, पुढे काय करायचं ते कुणी सांगितलं नाही. त्या बँकेच्या जिन्यावरून त्यांना खाली उतरवताना माझ्या जिवाचं पाणी झालं होतं.

भैयाकडे आलो. त्यानं यंत्राची काच स्वतःच्या रुमालानं पुसली, सासूबाईंना ओला कपडा दिला, बोटं थोडी ओलसर होऊ दिली, मग अंगठ्याऐवजी मधलं बोट, मग अनामिका, मग डावा हात. यंत्राचा दिवा लाल तो लालच. मग तो काउंटरमागून बाहेर आला. स्टूल पंख्यापासून दूर, दारातल्या उजेडात ठेवलं. मागच्या भिंतीवरचं देवाचं कॅलेंडर उतरवून टेबलावर पालथं ठेवलं, कारण मागे दुसरा चेहरा दिसला की कॅमेरा घोटाळा करतो म्हणाला. सासूबाईंचा चष्मा काढून माझ्या हातात दिला. मोबाइल त्यांच्या तोंडासमोर धरला आणि म्हणाला, “अम्मा, सीधा देखो. अब पलक झपकाओ.” त्यांना ऐकू कमी येतं. मी कानाशी जाऊन म्हटलं, “आई, डोळे मिटा आणि उघडा.” त्यांनी डोळे मिटले ते मिटूनच ठेवले, जणू देवासमोर बसल्यात. पुन्हा सांगितलं. मग स्क्रीनवर हिरवी खूण आली. प्रमाण आयडीचा, म्हणजे हयातीच्या दाखल्याच्या क्रमांकाचा, कागद त्यानं मोठ्या टायपात छापून दिला आणि खाली पेनानं पेन्शन पेमेंट ऑर्डरचा नंबर लिहिला, बँकेत विचारला तर हाताशी असावा म्हणून.

‘जीवन प्रमाण’ ही केंद्र सरकारची सोय. १० नोव्हेंबर २०१४ ला सुरू झाली, आणि चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची तरतूद नोव्हेंबर २०२१ मध्ये आली. म्हणजे बँकेतल्या त्या माणसालाही ती उपलब्ध होती. सरकारनं साधन बनवलं, ते त्याच्याही हाताशी होतं आणि भैयाच्याही. ते वापरून बघण्याची तसदी ज्यानं घेतली, त्याचं पोट त्यावर होतं. सासूबाई परत गेल्या असत्या तर भैयाची त्या कामाची मजुरी गेली असती आणि शेजारच्या दुकानात आम्ही गेलो असतो. त्याच्या स्वभावातला गोडवा खरा आहेच, पण त्या गोडव्यामागे शेजारचं दुकानही उभं आहे, हे मी विसरत नाही.

आमच्या घरी या विषयावर जेवताना वाद होतात. धाकटे दीर पुण्याला सॉफ्टवेअर कंपनीत आहेत. त्यांचं मत, सरकारनं तंत्रज्ञानात पडूच नये, नियम ठरवून बाजूला व्हावं. शेजारचे काका वीज मंडळातून निवृत्त झालेले. ते म्हणतात, खाजगी हातात गेलं की लूट सुरू, सगळं सरकारनंच चालवावं. दोघंही मला प्रिय आहेत, आणि दोघांनीही या दुकानात एक दुपार बसून बघावं असं मला मनापासून वाटतं. कारण हे दुकान कुणाचं, हा प्रश्नच सरळ नाही.

पाटीवर एमपी ऑनलाइन वाचून निम्मी गिऱ्हाइकं याला सरकारी दफ्तर समजतात. कागदावरची स्थिती अशी: एमपी ऑनलाइन ही २००६ मध्ये स्थापन झालेली कंपनी, टाटा कन्सल्टन्सी आणि मध्य प्रदेश शासन यांची भागीदारी, त्यात ८९ टक्के वाटा टाटांच्या कंपनीचा आणि ११ टक्के शासनाचा. कियोस्क चालवणारा आणखी तिसरा, स्वतःच्या भांडवलावर उभा राहिलेला. संगणक त्याचा, भाडं त्याचं, वीज त्याची, इंटरनेट त्याचं. बोटाचे ठसे घेणारी जुनी एल-झिरो यंत्रं आधार प्राधिकरणानं बंद करून जास्त सुरक्षित अशी एल-वन सक्तीची केली, तेव्हा नवं यंत्रही त्यानं पदरचं घातलं. आणि ज्या प्रमाणपत्रासाठी आपण जातो त्यावर सही असते तहसीलदाराची. एका कागदामागे तीन मालक आहेत, आणि आपल्याला दिसतो तो फक्त काउंटरमागचा.

पासपोर्ट काढलाय त्यांना ही मांडणी लगेच कळेल. पासपोर्ट सेवा केंद्रात ए, बी आणि सी असे काउंटर असतात. ए काउंटरवर फोटो, बोटांचे ठसे, कागद स्कॅन करणं ही कामं टाटा कन्सल्टन्सीची मुलं करतात. बी आणि सी वर सरकारी अधिकारी बसतात: एक तपासणारा, एक मंजूर करणारा. कंपनीच्या माणसाला तुमचा पासपोर्ट नाकारण्याचा अधिकार नाही आणि अधिकाऱ्याला स्कॅनरशी झटापट करावी लागत नाही. पासपोर्टच्या कामाचा पूर्वीचा त्रास ज्यांनी भोगलाय त्यांना यातला फरक मी सांगायला नको. मला हे पटतं. तुम्ही कोण, कुठले, तुमचा हक्क काय, हे ठरवणं विकत देण्याची गोष्ट नाही. ते सरकारकडेच राहिलं पाहिजे. पण रांग लावणं, स्कॅन करणं, म्हातारीला उजेडात बसवणं यासाठी सरकारी नोकर लागत नाही.

माळव्यात तर हा प्रयोग देशाच्या आधी झालाय. आजच्या मुलांना सांगितलं तर खरं वाटत नाही. धार जिल्ह्यात १ जानेवारी २००० ला ‘ज्ञानदूत’ नावाचा सरकारी प्रकल्प सुरू झाला. गावागावांत संगणक ठेवून ‘सूचनालयं’ काढली, चालवायला गावातलाच शिकलेला तरुण, त्याला म्हणायचं सूचक. मंडीचे भाव, जमिनीच्या खसऱ्याची (आपल्या सातबाऱ्यासारख्या नोंदीची) नक्कल, जातीच्या आणि उत्पन्नाच्या दाखल्याचे अर्ज, तक्रारी, सगळं थोड्याशा पैशांत. त्याच वर्षी त्याला स्टॉकहोम चॅलेंज पुरस्कार मिळाला. आणि त्याच वर्षी, जूनमध्ये, मध्य प्रदेशातल्याच सोयाबीनच्या पट्ट्यात आयटीसी कंपनीनं ‘ई-चौपाल’ सुरू केली. संगणक तसाच, गावातलाच माणूस, फक्त त्याचं नाव संचालक आणि मागे सरकारऐवजी कंपनी.

माझ्या आईचं माहेर धारकडचं. मामांची सोयाबीनची शेती होती. मामा सांगत, पूर्वी ट्रॉली भरून मंडीत नेली की भाव तिथेच कळायचा, आणि परत आणायचं भाडं परवडत नाही म्हणून जो भाव मिळेल त्याला द्यायचं. ई-चौपालीत आदल्या दिवशी भाव घरबसल्या दिसू लागला. पटला तर कंपनीच्या केंद्रावर, नाही पटला तर मंडी होतीच. मामांच्या दृष्टीनं सगळी किमया त्या ‘नाही पटला तर’ मध्ये होती.

ज्ञानदूत मात्र पुढे मंदावत गेलं. वीज जायची, टेलिफोनच्या लाइनचा भरवसा नव्हता, आणि उत्साहानं उभं करणारे अधिकारी बदलून गेले की खालच्या दफ्तरातून अर्जांना उत्तरं येणं सूचकाच्या हातात नव्हतं. आयटीसीनं सौर पॅनेल आणि उपग्रहावरून इंटरनेट देणारी व्हीसॅटची छत्री लावून विजेची आणि लाइनची अडचण स्वतःच्या पैशांनी सोडवली, कारण तिला सोयाबीन हवं होतं. दीर इथे टाळी वाजवतात. पण त्यांना मी दोन गोष्टी विचारते. एक, राज्य सरकारनं मंडीबाहेर थेट खरेदीला परवानगी दिली नसती तर ई-चौपाल उभी राहिली असती का? दोन, जातीचा दाखला हवा असलेल्या मुलीला ई-चौपालीचा काय उपयोग होता? कंपनी तिच्या मालापुरती आली, आणि त्यात काही गैर नाही. दाखल्यात कुणालाच नफा नाही, म्हणून त्याची सोय कुणीतरी वेगळ्या पद्धतीनं लावायलाच हवी होती. आजचं कियोस्क ज्ञानदूतचंच नातवंड आहे असं मी मानते. फक्त आता सूचकाला मजुरीचा रकाना आहे आणि शेजारी प्रतिस्पर्धी आहे.

इथवर वाचून मी खाजगीकरणाची बाजू घेतेय असं वाटेल. म्हणून आता त्या रात्रीबद्दल लिहिते.

एका परीक्षेच्या अर्जाचा शेवटचा दिवस होता. कुठली परीक्षा, कुठलं पोर्टल, ते लिहीत नाही. माझ्याकडे डबा असलेली बडवानीची एक मुलगी रडत आली. फी यूपीआयनं कापली गेली होती आणि अर्जावर ‘पेमेंट पेंडिंग’ दिसत होतं. पुन्हा भरायला बापाकडून पैसे मागावे लागणार, आणि ते उद्यापर्यंत येणार नाहीत. मी तिला घेऊन भैयाकडे गेले. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. प्रत्येकाच्या स्क्रीनवर गोल चक्र फिरत होतं. भैया शांत होता. त्यानं मुलीच्या मोबाइलवरून व्यवहाराचा बारा आकडी नंबर उतरवून घेतला, पोर्टलच्या अडकलेल्या पानाचे वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढले, तिच्या ईमेलवरून तक्रार पाठवून दिली, आणि दुसऱ्यांदा फी स्वतःच्या खात्यातून भरायची तयारी दाखवली. “पैसा लौटेगा तब दे देना,” म्हणाला. मध्यरात्रीच्या थोडं आधी पान उघडलं आणि तिचा अर्ज गेला. दुसऱ्या दिवशी मुदतही वाढली, पण ज्यांनी रात्रभर जागून पुन्हा पैसे भरले त्यांचं काय, हे कुणी सांगितलं नाही.

पैसे मात्र आठवड्याच्या आत परत आले, आणि ते कुणाच्या मेहरबानीनं आले नाहीत. रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे: यूपीआयनं दुकानदाराला किंवा संस्थेला दिलेले पैसे खात्यातून गेले आणि व्यवहाराची खात्री झाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत, नाही आले तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. बँक सरकारी असो की खाजगी, नियम एकच. तक्रारीचा कागद ठेवला असेल तर उत्तम, नसेल तरी पैसे यायलाच हवेत. माझ्या मते नियंत्रण म्हणतात ते हे.

आणि अर्ज? अर्जासाठी असा नियम दिसत नाही. आपल्या राज्यानं २०१० मध्ये लोकसेवा हमीचा कायदा केला, देशात सगळ्यात आधी. उत्पन्नाचा दाखला ठरलेल्या दिवसांत दिला नाही तर त्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त ५,००० पर्यंत दंड होऊ शकतो आणि तो अर्जदाराला भरपाई म्हणून देता येतो. अभिमान वाटावा असा कायदा आहे. पण त्यात दंड होतो तो माणसाला. पोर्टल सहा तास बंद पडलं तर कोण उशिरा आलं? अधिकारी म्हणतो सर्व्हर कंपनीचा, कंपनीचा कॉल सेंटरवाला म्हणतो मुदत विभाग ठरवतो, आणि गिऱ्हाइकाच्या तोंडासमोर उभा असतो भैया, ज्याच्या हातात काहीच नाही. त्या रात्री लोक त्याच्यावर ओरडत होते.

दीर आणि काका दोघंही ज्यावर भांडतात त्यात ही जागा सुटते. रस्त्यावरच्या कियोस्कांत मला निवड आहे, म्हणून तिथे खाजगी चालतं आणि चांगलं चालतं. परीक्षेचं पोर्टल एकच असतं. ते सरकारनं स्वतः बांधलं काय किंवा कंपनीला ठेक्यानं दिलं काय, बडवानीच्या मुलीला दुसऱ्या पोर्टलवर जाता येत नाही. मामांचं ‘नाही पटला तर’ तिच्याकडे नाही. जिथे ते नाही, तिथे कायद्यानंच जबाबदारी बांधून द्यायला हवी: पोर्टल जितके तास बंद, मुदत आपोआप तितके तास पुढे, पोर्टल चालू की बंद याची नोंद सगळ्यांना दिसेल अशी, आणि अडकलेल्या अर्जाला ठरलेल्या दिवसांत उत्तर, नाहीतर भरपाई. पैशांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेला हे जमलं. अर्जांच्या बाबतीत न जमण्यासारखं मला तरी काही दिसत नाही. मी जिल्हा लोकसेवा व्यवस्थापकांकडे आणि मुख्यमंत्री हेल्पलाइनवर, १८१ वर, हे मांडलंय. तुम्हीही मांडा.

दुकानाबद्दल आणखी एक गोष्ट, आणि मला ती फार मोलाची वाटते. काम झालं की भैया स्क्रीन आपल्याकडे वळवतो, आपल्या आधारची, मार्कशीटची स्कॅन केलेली फाइल पुसतो, मग रिसायकल बिन उघडून तीही रिकामी करतो. चुकलेला प्रिंट फाडून आपल्याच हातात देतो. त्या रस्त्यावर मी लोकांच्या आधारच्या झेरॉक्सचे पाठकोरे कागद हिशेबासाठी वापरलेले पाहिलेत, आणि एकदा तर त्यात गुंडाळलेले शेंगदाणेसुद्धा. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१८ मध्ये आधार कायद्याच्या कलम ५७ मधला, खाजगी कंपन्यांना आधार मागण्याची मोकळीक देणारा भाग रद्द केला, २०२३ मध्ये संसदेनं वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदाही केला. पण कायदा त्या काउंटरपर्यंत पोचायला भैयासारखा माणूस लागतो, किंवा तपासायला येणारा कुणी. आजवर तिथे ‘फाइल पुसता का’ असं विचारायला आलेला अधिकारी मी तरी पाहिला नाही. आधारचे पहिले आठ आकडे झाकलेली प्रत मिळते, ती मागा. भैया स्वतःहूनच ती काढून देतो.

उणिवा आहेत. जागा फार कमी, बसायला दोनच स्टुलं, आणि पायऱ्यांना कठडा नाही, त्यामुळे म्हाताऱ्या माणसाला दोघांनी धरून चढवावं लागतं. हे मी त्याला सांगितलंय, त्यानं गाळ्याच्या मालकाकडे बोट दाखवलं. रंगीत प्रिंट फिकट येतो. फॉर्मच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांत तो नवीन गिऱ्हाइकाचं किरकोळ काम घेत नाही. मला ते योग्य वाटतं, पण लांबून येणाऱ्याची निराशा होते. दाखल्यांची काही कामं लोकसेवा केंद्रातच होतात, तिथे तो स्वतःहून पाठवतो आणि उगाच पैसे घेऊन बसवून ठेवत नाही. मराठी बोलत नाही, पण समजतं. सासूबाई त्याच्याशी सरळ मराठीतच बोलतात.

पाचपैकी पाच मी देत नाही, पायऱ्यांमुळे. साडेचार.

जाणार असाल तर दुपारी दोन ते चार जा, कोचिंगचे वर्ग चालू असतात तेव्हा दुकान रिकामं असतं. रविवारी बंद. आधारशी जोडलेला मोबाइल सोबत न्या, घरी राहिला तर ओटीपीसाठी परत यावं लागेल. समग्रचा कुटुंबाचा आठ आकडी आणि स्वतःचा नऊ आकडी, दोन्ही नंबर लिहून न्या. हयातीच्या दाखल्यासाठी पेन्शन पेमेंट ऑर्डरचा नंबर आणि बँकेचं पासबुक लागतं. आणि निघण्याआधी तीन रकान्यांशी पावती ताडून बघा. भैयाला राग येत नाही, तो स्वतःच सांगतो बघा म्हणून.